धर्माचा तास : वऱ्हाडातील कॅथलिक प्राथमिक शाळांचा एक इतिहास

कॅथलिक प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की त्याची घंटा झाली म्हणजे एकाच वर्गातली मुले दोन ठिकाणी बसतात. ख्रिस्ती मुले कॅटिकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची नीतिशिक्षणाला बसतात. आपल्या भागात वर्गात ख्रिस्ती मुले बहुधा मोजकीच असतात, त्यामुळे उठून सिस्टरांच्या मागे दुसऱ्या खोलीत जाणारी तीच. तास संपला की सगळी पुन्हा एका बाकावर येतात आणि गणित सुरू होते.

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की पायाभरणी, इमारतींचे वाढलेले मजले, मुख्याध्यापकांची नावे आणि दहावीचे निकाल अशी आपली ठरलेली वाट असते. ती माहिती जपली पाहिजेच. पण वऱ्हाडातल्या कॅथलिक शाळांचा इतिहास मला या एका तासातून सांगायचा आहे. तो तास कुठून आला, तो दोन भागांत का वाटला गेला आणि त्या वाटणीत कोणते मूल आत राहिले, कोणते बाहेर राहिले, हे पाहिल्याखेरीज शाळेने समाजासाठी काय केले याचा हिशेब लागत नाही.

अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे आजचे पाच जिल्हे त्यात येतात. (वाशीम हा जिल्हा १९९८चा, तोवर तो अकोल्यातच होता.) २०२५मध्ये धर्मप्रांताला सत्तर वर्षे झाली. यवतमाळ शहराला लागून असलेले आणि औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले लोहारा हे गाव या धर्मप्रांताच्या पूर्व भागात येते. अशा गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर कुणबी, तेली, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, गोंड अशी सगळी घरे भेटतात आणि ख्रिस्ती नावे अधूनमधून. ज्या शाळेचे दार चर्चने उघडले, त्या शाळेत चर्चची मुले संख्येने कमी आणि शेजाऱ्यांची मुले जास्त. वऱ्हाडात हे सुरुवातीपासून असेच आहे, आणि धर्माच्या तासाचा सगळा प्रश्न याच वस्तुस्थितीतून उभा राहतो.

त्या तासामागची, मूल धर्म बदलेल ही भीती मात्र वऱ्हाडाच्या आधीची, मुंबईची आहे. १८३९ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अज्ञान होता. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ही दोन्ही प्रकरणे स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनची होती. पण मुलगा शाळेत घालणाऱ्या बापाला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हा भेद कुठे ठाऊक असणार? मिशनची शाळा म्हणजे मुलगा हातचा जाईल, ही धास्ती घराघरांत बसली ती तेव्हापासून.

सरकारने आपली बाजू १८५४च्या वूडच्या खलित्यात स्पष्ट केली. खासगी शाळांना, मिशनच्या शाळांनाही, त्यांच्या ऐहिक शिक्षणाचा दर्जा पाहून अनुदान द्यायचे आणि तिथे धर्म कोणता शिकवला जातो याची चौकशी करायची नाही, असे ते धोरण होते. पालकाच्या हक्काचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. तो आला इंग्लंडातून. १८७०च्या तिथल्या प्राथमिक शिक्षण कायद्याने अनुदानित शाळांना सांगितले की धर्माचा पाठ शाळा भरताना किंवा सुटताना ठेवा, त्याची वेळ वेळापत्रकात लिहून लावा आणि ज्या पालकाला तो नको असेल त्याचे मूल तेवढ्यापुरते सोडून द्या. आपल्या शाळांतला वेगळा बसणारा तास या व्यवस्थेच्या फार जवळचा आहे.

त्याच १८७० साली नागपुरात सेंट फ्रान्सिस डी'सेल्स शाळा सुरू झाली. ती काढणारे फादर फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरच्या सॅव्हॉय प्रदेशातले. आनेसी गावी फादर पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८मध्ये स्थापन केलेल्या संघाचे हे लोक १८४६च्या सुमारास विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून आत आत सरकत नागपूरपर्यंत आले. नागपूरजवळ कामठीला १८२१पासून इंग्रजांची छावणी होती. कंपनीच्या पलटणींमध्ये आयरिश कॅथलिक शिपाई मोठ्या संख्येने असत. मध्य भारतातल्या कॅथलिक शिक्षणाचा आरंभ अशा छावण्यांच्या आधाराने झाला. शिपायांची मुले, पोरकी झालेली मुले, पुढे रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांची मुले आणि त्यांच्या जोडीला इंग्रजी शिकू पाहणारी शहरातली हिंदू, पारशी, मुसलमान मुले, असा तो वर्ग बनत गेला. १८८७मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३मध्ये महाधर्मप्रांत झाला आणि दोन वर्षांनी त्यातून अमरावती निघाला. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हे याच आनेसीच्या संघाचे होते. म्हणजे वऱ्हाडातल्या शाळांची नाळ थेट त्या पहिल्या शाळेशी जाते.

यवतमाळकरांना ख्रिस्ती शिक्षण म्हटले की कॅथलिकांच्या आधी फ्री मेथडिस्ट आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचे काम या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. देशभरातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी पाळक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३पासून तीस वर्षे यवतमाळातच होती; १९८३मध्ये ती पुण्याला गेली. कॅथलिकांचे वजन मेळघाटात, चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरच्या बाजूला, कोरकूंमध्ये आणि अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत अधिक पडले.

आता धर्माच्या तासाच्या आतला एक भाग सांगतो, कारण बाहेरच्यांना तो ठाऊक नसतो आणि आतले तो गृहीत धरतात. कॅथलिक मुलाच्या आयुष्यात पहिला मोठा दिवस असतो तो पहिल्या कम्युनियनचा. पूर्वी तो दहा-बारा वर्षांच्या पुढे, कधी चौदाव्या वर्षीही येई. ऑगस्ट १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला की मूल कळते झाले, साधारण सात वर्षांचे झाले, की त्याला ख्रिस्तप्रसादापासून अडवू नये. तेव्हापासून त्याची तयारी प्राथमिक शाळेत, दुसरी-तिसरी-चौथीत आली आणि प्राथमिक शाळेतल्या सिस्टर किंवा बाई या कॅथलिक मुलाच्या पहिल्या धर्मशिक्षक झाल्या. घरी आजी रोजरी म्हणायला शिकवते, पण देव कोण, पाप म्हणजे काय, क्षमा कशी मागायची, हे मूल शाळेत विचारते.

त्या आदेशातली अट तर फारच लहान होती. मुलाने श्रद्धेची मुख्य सत्ये आपल्या वयाला झेपतील तेवढी जाणावीत आणि ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नाही एवढे त्याला कळावे. धर्मशास्त्राची मोठी प्रश्नोत्तरी पाठ असण्याची सक्ती उरली नाही. मला वाटते, कॅथलिक शाळेने सर्वसमावेशक असण्यासाठी लागणारे सगळे बळ या एका गोष्टीत आहे. ज्याला अक्षरे उलटी दिसतात, ज्याची बुद्धी वयाच्या मागे चालते, ज्याला बोलता येत नाही, त्या मुलालाही वेदीपाशी जागा आहे. १९१०मध्ये आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा नव्हता. आजचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा; त्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केली आणि सहा ते अठरा वर्षांच्या ठरावीक प्रमाणात दिव्यांग असलेल्या मुलांना शेजारच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. चर्चने वेदीपाशी शंभर वर्षे आधी जे मानले, ते शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी मानायला मात्र आपल्या पुष्कळ संस्थांना फार उशीर लागला, आणि काही ठिकाणी अजून लागतो आहे. चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणे, त्याच्या आईला इंग्रजीत प्रश्न विचारणे, हे प्रकार इंग्रजी शाळांत वर्षानुवर्षे रुळले. कॅथलिक शाळेत ते घडतात तेव्हा मला जास्त लागते, कारण तिथे १९१०चा तो आदेश शिकवला जातो.

स्वातंत्र्यानंतर धर्माच्या तासाला घटनेची चौकट मिळाली. घटना समितीत धर्मशिक्षणाच्या कलमावर ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली आणि डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. त्यातून आजचे अठ्ठाविसावे कलम आले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते देता येते. पण तिथल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्या शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. ही दोन कलमे एकत्र वाचायला हवीत, आणि आपल्या सभा-संमेलनांत तसे होत नाही. तिसावे वारंवार ऐकू येते, अठ्ठाविसाव्याचा उच्चार क्वचित.

वऱ्हाडाच्या बाबतीत तर लगेच कसोटीची वेळ आली. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. एप्रिल १९५४मध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. सदस्यांत वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्तीही होते. समिती गावोगावी फिरत असतानाच अमरावती धर्मप्रांत जन्माला आला. एका नव्या धर्मप्रांताच्या पहिल्या वर्षात शेजारी, पाटील, तहसीलदार सगळेच संशयाने पाहत आहेत, अशी ती परिस्थिती. कॅथलिकांनी पुढे समितीशी सहकार्य थांबवले आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. १९५६मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नियोगी अहवाल इथल्या प्रशासनापुरता मागे पडला. माणसांच्या मनातून मात्र तो गेला नाही. दवाखाना आणि शाळा ही माणसांचा धर्म बदलण्याची साधने आहेत, ही समजूत त्या अहवालाने पक्की केली, आणि रात्रंदिवस काम करणाऱ्या कितीतरी सिस्टर आणि फादरांवर तो मोठा अन्याय झाला असे माझे ठाम मत आहे.

तरीही त्या अहवालातली एक शिफारस मी बाजूला काढून ठेवतो. पालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मुलांना धर्मशिक्षण देऊ नये या घटनेतल्या तरतुदीसाठी शिक्षण खात्याने संमतीचे नमुने तयार करावेत आणि ते सगळ्या शाळांना पुरवावेत, अशी ती होती. यात घटनेपेक्षा एक अक्षरही जास्त नाही. रागाच्या भरात अख्खा अहवाल नाकारताना ही शिफारसही नाकारली गेली. आपल्या शाळांनी हा संमतिपत्राचा कागद आपणहून, मराठीत, साध्या शब्दांत छापून प्रवेशाच्या वेळी पालकापुढे ठेवायला हवा होता. अनेक शाळांत प्रत्यक्ष वागणे त्या कागदाप्रमाणेच होते: बिगरख्रिस्ती मुलांना कोणी कॅटिकिझमला बसवत नसे. पण लिहिलेला कागद नसला की चांगले वागणेही संशयातून सुटत नाही. तांड्यावरून आलेल्या आईने विचारले की माझ्या पोराला तुम्ही काय शिकवणार, तर तिला हातात द्यायला काही तरी हवे.

चर्चच्या आतला बदल १९६५चा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले: एक ख्रिस्ती शिक्षणावरचा, दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्यावरचा. पहिल्यात कॅथलिक शाळांना सांगितले गेले की गरीब, घराचा आधार नसलेली आणि ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर असलेली मुले यांच्याकडे विशेष लक्ष द्या. दुसऱ्यात म्हटले गेले की इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही. त्याच सुमारास मिस्साही लॅटिनमधून लोकभाषेत आली. महाराष्ट्राच्या चर्चमध्ये मराठी उपासनेने जोर धरला. या वाटेवर पुढे वसईने जे केले ते सगळ्या मराठी ख्रिस्ती समाजाला उपयोगी पडले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांच्या देवानुभवावर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध मराठीत बायबल आणले आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

हे इथे सांगण्याचे कारण नीतिशिक्षणाचा तास. ख्रिस्ती मुले उठून गेल्यावर मागे उरलेल्या मुलांना काय शिकवायचे, याचा विचार आपल्याकडे पुरेसा झाला नाही. पुष्कळ ठिकाणी 'मॉरल सायन्स'ची इंग्रजी पुस्तके आली. त्यातल्या गोष्टी परक्या देशातल्या, मुलांची नावे परकी, बागा आणि बर्फही परके. काही ठिकाणी तो तास म्हणजे पाणी घातलेले कॅटिकिझम झाला. दोन्हीमुळे मुलाला वाटते की खरी गोष्ट दुसऱ्या खोलीत चालू आहे आणि आपल्याला तिची साल दिली. मागे उरलेल्या मुलांच्या तासाला स्वतःचा ऐवज हवा, आणि तो शोधायला वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात सर्व पंथांच्या लोकांना एकत्र बसवून सामुदायिक प्रार्थना रुजवली. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग कीर्तनात माणसांना प्रश्न विचारायचे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, ते ठिकाण यवतमाळहून एसटीने काही तासांवर. राज्याच्या शाळांत मूल्यशिक्षण आणि परिपाठ आल्यावर वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्ये ठरली. त्यांच्या आधाराने ही माणसे वर्गात आणता येतात. अशा काही तासांना ख्रिस्ती मुलांनीही बसले पाहिजे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. गाडगेबाबा त्यांचेही आहेत.

भाषेचाही यात वाटा आहे. बंजारा मुलाच्या घरी गोरमाटी, कोलाम मुलाच्या घरी कोलामी, गोंड मुलाच्या घरी काही ठिकाणी अजून गोंडी. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. आणि कोलामांची मोठी वस्ती यवतमाळ जिल्ह्यातच आहे. अशा मुलाला मराठीही शिकावी लागते आणि इंग्रजी माध्यम असेल तर तीही. पहिलीत तो गप्प बसतो आणि बाई लिहितात, 'लक्ष देत नाही'. मिशनऱ्यांच्या पहिल्या पिढ्यांनी कामाच्या जागची बोली शिकणे हे आपले पहिले काम मानले होते. शाळेत एक तरी शिक्षिका अशी असावी जिला मुलाच्या घरची भाषा समजते, हा त्या परंपरेचाच भाग आहे.

एका मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण तो धर्माच्या तासात बसणाऱ्या मुलांचा आहे. अनुसूचित जातींच्या १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीत धरले नाही. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. आदिवासींना हा नियम लागू नाही. गोंड किंवा कोरकू मूल ख्रिस्ती झाले तरी अनुसूचित जमातीतच राहते. परिणाम असा की वर्गात तीन मुले शेजारी बसतात, तिघांचेही पणजोबा गावकुसाबाहेर किंवा जंगलात राहिलेले. त्यातल्या बौद्ध आणि आदिवासी मुलाला सवलत मिळते, दलित ख्रिस्ती मुलाला त्या यादीत जागा नाही. अल्पसंख्याकांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती हा एक आधार होता, पण २०२२पासून केंद्राने ती नववी-दहावीपुरती ठेवली आणि पहिली ते आठवीची मुले वगळली. दलित ख्रिस्ती आणि मुसलमानांना अनुसूचित जातींच्या यादीत घ्यावे का, या प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग २०२२मध्ये नेमला गेला. तो प्रश्न सुटेपर्यंत फी माफ करण्याचा निर्णय शाळेच्या हातात आहे. चर्चने दलित ख्रिस्ती मुलांसाठी दिल्लीत निवेदने द्यावीत आणि त्याच मुलांना गल्लीतल्या कॅथलिक शाळेची फी परवडू नये, हे जुळत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००७मध्ये शिक्षणाचे धोरण काढले, त्यात गरीब, दलित आणि आदिवासी मुलांना प्राधान्य द्या असे सांगितले आहे. म्हणजे नियम आपलाच आहे.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्याव्यात, मुलांच्या निवडचाचण्या घेऊ नयेत, असे त्यात आले. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि ६ मे २०१४च्या प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या. तिसाव्या कलमाचे रक्षण झाले म्हणून आपल्या अनेकांना समाधान वाटले. अल्पसंख्याकांच्या हक्काला मीही किंमत देतो. वऱ्हाडात नियोगी समितीचा काळ सोसलेला समाज ती देणारच. पण हक्क मिळाला कशासाठी? समाजाची श्रद्धा, भाषा आणि गरिबांची सेवा टिकावी म्हणून. गरिबाच्या मुलाला दारात अडवायला तो हक्क वापरला गेला, तर ज्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्या लढल्या त्याच गोष्टीचे नुकसान होते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१मध्ये अल्पसंख्याक शाळांवर एक अहवाल काढला. त्याच्या हेतूविषयी तीव्र मतभेद झाले आणि त्यातले निष्कर्ष मीही सगळे मानत नाही. पण त्यातल्या दोन आकड्यांपाशी आपण थांबले पाहिजे. ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीत. आणि सगळ्या धर्मांच्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण ८.७६ टक्के. पहिल्या आकड्याचा मला आनंद आहे. इतर धर्मांच्या इतक्या पालकांनी विश्वासाने आपली मुले दिली. १८३९मध्ये दोन बाप्तिस्म्यांमुळे पारशी पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली होती, हे आठवले की या विश्वासाचे मोल कळते. दुसऱ्या आकड्याने मान खाली जाते. धर्माच्या नावावर आपण कोणाला बाहेर ठेवले नाही; फी आणि मुलाखतीच्या चाळणीने मात्र ठेवले.

१ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका अल्पसंख्याक संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालाच्या योग्यतेविषयी शंका घेतली आणि हा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. निकाल काय लागेल ते लागो. सक्ती होण्याआधी स्वतःहून पंचवीस टक्के जागा भरणारी कॅथलिक शाळा आपल्या हक्काची बाजू न्यायालयात सर्वांत ताठ मानेने मांडू शकेल.

धर्माच्या तासाविषयीही आता आपल्या बिशपांनीच स्पष्ट लिहिले आहे. २०२४मध्ये त्यांच्या परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या सभेत घटनेची उद्देशिका म्हणावी आणि ती दर्शनी भागी लावावी, शाळेत सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची जागा असावी. महाराष्ट्रात शाळांतून उद्देशिका वाचण्याचा आग्रह सरकारनेही २०२०मध्ये पुन्हा धरला होता. काही जणांना या सूचना दबावापुढे नमल्यासारख्या वाटल्या. मला त्या १९६५च्या त्या दोन दस्तऐवजांची उशिरा आलेली अंमलबजावणी वाटतात. त्यामुळे कॅथलिक मुलाचे धर्मशिक्षण पातळ होण्याचे काही कारण नाही. उलट वेगळा तास वेगळा राहिला, तरच तिथे सिस्टर मोकळेपणाने क्रूसाविषयी, क्षमेविषयी, मरणानंतरच्या जीवनाविषयी बोलू शकतात आणि मूल आपल्या शंका विचारू शकते. सभेतल्या सामायिक प्रार्थनेत कॅटिकिझम मिसळले की दोन्हींचा कस जातो.

या इतिहासाचा पुढचा भाग लिहिणाऱ्यासाठी शाळांनी काही कागद आतापासून जपावेत. प्रवेशाच्या वेळी घेतलेले धर्मशिक्षणाचे संमतिपत्र, मराठीत आणि पालकाच्या सहीचे किंवा अंगठ्याचे. पहिल्या कम्युनियनला बसलेल्या मुलांची नोंद, त्यात दिव्यांग मुले किती होती त्यासह. नीतिशिक्षणाच्या तासाला काय शिकवले याची टाचणवही. आणि दर वर्षी पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती जणांची फी माफ झाली, किती तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरून आणि झोपडपट्टीतून आली, किती मुले वर्ष पुरे व्हायच्या आत सोडून गेली आणि कोणत्या कारणाने. दहावीच्या निकालाचा तक्ता जिथे छापतो, त्याच पानावर त्याच्या शेजारी हा तक्ता छापावा.